कानांचा हिशेब

गणिताच्या बाई शाळेत फार शिस्तीच्या म्हणून ओळखल्या जात. त्याच बाईंना घरी रोज दुपारी त्यांची दीड वर्षाची लेक कान धरून आडवं पाडते, हे शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं.

गोष्ट अगदी खरी होती. टिचकीचं पोट भरलं, डोळे जड झाले, की ती आईला ओढत पलंगाकडे नेई. आई आडवी झाली की तिच्या उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरायची आणि ती चोळत चोळत झोपून जायचं. पाळी सुटली की डोळे टक्क उघडे. रात्रीचं काही नव्हतं. रात्री ती वडिलांच्या पोटावर पालथी पडली की पार ओंडका. पण दुपारच्या झोपेला आईचाच कान लागे. बाईंची शाळा सकाळची, दुपारी त्या घरीच असत, म्हणून आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

अडलं ते गणित महोत्सवामुळे.

गावातल्या मोठ्या प्रदर्शनाच्या सभागृहात रविवारी दिवसभर महोत्सव होता. लहानथोर सगळ्यांना मोकळं दार. पत्रक शाळेत आलं तेव्हा बाईंनी ते मुलांना वाचून दाखवायचं म्हणून हातात घेतलं आणि मनातल्या मनात इतक्या वेळा वाचलं, की तास संपल्याची घंटा झाली. दुपारच्या कार्यक्रमात एक ओळ होती : टेबलाएवढा तारेचा घन साबणाच्या पाण्यात बुडवून वर काढणार.

आता यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. बाईंना वाटत नव्हतं. तारेचा घन साबणात बुडवला की खोक्याला कागद लावावा तसा साबणाचा पडदा त्याच्या बाजूंवर ताणला जाईल, असा आपला समज असतो. तसं होत नाही. पडदे तारांपासून आत धावतात आणि घनाच्या बरोबर मध्ये एक छोटासा चौकोन अधांतरी धरून ठेवतात. साबणाचा पडदा महाचिक्कू. जितकं कमी पसरून भागेल तितकं भागवतो. बाई हे दर वर्षी शिकवत, फळ्यावर सुरेख काढून दाखवत. या वर्षी शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “बाई, तुम्ही पाहिलाय का असा?”

“सिद्ध झालेलं आहे ते,” बाई म्हणाल्या.

“हो, पण पाहिलाय का?”

वर्ग हसला. बाईही हसल्या, थोड्या कमी. त्याच संध्याकाळी त्यांनी घरी तार वाकवली, बादलीत नवऱ्याचा शाम्पू ओतला आणि बराच वेळ बुडव-काढ केली. पडदा काही टिकला नाही. नवरा मात्र त्या पाण्यावरून घसरून न्हाणीघराच्या दाराला धडकला. तेव्हापासून त्या घरात साबणाचा विषय जपून काढत असत.

तर महोत्सवाला जायचं, असं बाईंनी जेवताना सांगितलं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवायचं काम करायचा. समोरची वस्तू नीट बघायची त्याला सवय होती. त्याने बायकोच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, “जा की. विचारतेस काय?”

बाईंची पंचाईत झाली. नाही म्हणाला असता तर भांडता आलं असतं. आता आडवं यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच ते काम अंगावर घेतलं.

“आणि दुपारी?” त्या म्हणाल्या.

“दुपारी काय?”

“टिचकीची झोप. कान कुणाचा?”

सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. घरात होते ते सासरे. जन्मभर वजनमापं तपासणारे निरीक्षक म्हणून नोकरी केलेले. दुकानदाराने काटा सरळ आहे म्हटलं की त्यांना तो वाकडाच दिसायचा. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी या प्रश्नावर आनंदाने झडप घातली.

“कानच हवा आहे ना?” ते म्हणाले. “घरात काही कानांचा दुष्काळ नाही. एकेक तपासू.”

“माझे दोन गेले,” बाई म्हणाल्या, कारण हिशेब आला की त्यांना गप्प बसवत नसे. “उरले याचे दोन, तुमचे दोन. एकूण चार.”

“चार म्हणजे रेलचेल झाली,” सासरे म्हणाले.

पहिली तपासणी नवऱ्याची. शनिवारी तो दुकानातून दुपारी घरी आला, हात कोमट पाण्याने धुतले, टिचकीला घेऊन आडवा झाला आणि कान पुढे केला. टिचकीने तो हातात घेऊन पाहिला. मोठा, गार, आणि मध्ये चष्म्याची काडी. चुकीच्या बसमध्ये चढलेला माणूस कंडक्टरकडे बघतो तसं तिने बापाकडे बघितलं. मग चष्मा काढला, काच चाटून बघितली आणि उठून बसली.

दुसरी तपासणी सासऱ्यांची, दुसऱ्या दिवशी रविवारी. महोत्सवाला अजून आठवडा होता. त्यांच्या डाव्या कानात ऐकायचं यंत्र होतं. टिचकीचा हात जवळ गेला की ते शिट्टी वाजवे. हात लांब नेला की गप्प. हा शोध लागल्यावर झोप कसली? ती हात जवळ नेई, लांब नेई, आणि आजोबांचा कान शिट्टी वाजवी. शेवटी त्यांनी यंत्र काढून ठेवलं आणि उजवा कान पुढे केला, तर त्यावरचे केस तिला गुदगुल्या करू लागले. थोड्या वेळाने खोलीतून घोरणं ऐकू आलं. बाईंनी दाराच्या फटीतून डोकावलं, तर सासरे गाढ झोपले होते आणि टिचकी त्यांच्या पोटावर तबला वाजवत होती.

फटीतून डोकावलं, तिथेच चूक झाली. टिचकीने वळून बघितलं, आई दिसली, ओठ थरथरला. बाई आत गेल्या, आडव्या झाल्या आणि मुकाट्याने कान दिला.

“काल पण तू दारामागेच होतीस,” नवरा नंतर म्हणाला.

“मी डबे लावत होते.”

“एकच डबा. पाऊण तास. मुलांचा पेपर चालू असताना बाई खिडकीतून उत्तरं सांगायला लागल्या तर मुलं कशाला अभ्यास करतील?”

सासऱ्यांनी यंत्र कानात परत बसवलं होतं. ते म्हणाले, “मी काटा तपासताना दुकानदाराने पारड्याला हात लावला, तर ते वजन मी धरत नसे. सूनबाई, उद्या तू घरातच नको.”

“मग कुठे जाऊ?”

“शाळेतच बस. नाहीतरी तुला ती आवडते.”

म्हणून सोमवारी शाळा सुटल्यावरही बाई शिक्षकांच्या खोलीत बसून राहिल्या. समोर वह्यांचा गठ्ठा, पण प्रत्येक वहीत एकच उत्तर दिसत होतं : आता जेवली असेल, आता पेंगत असेल, आता रडत असेल. घास अडकला तर? पलंगावरून पडली तर? बाबांनी यंत्र काढलेलं असलं आणि ती रडत असली तर? त्यांनी बरोबर उत्तराला फुली मारली, मग खोडली, मग पुन्हा मारली.

“बाई, तब्येत बरी आहे ना?” चित्रकलेच्या सरांनी विचारलं. सर कोपऱ्यात रंगाच्या बाटल्या धूत होते.

बाईंना कुणाला तरी सांगायचंच होतं. त्यांनी सगळं सांगितलं, शिट्टीसकट.

सरांनी हात पुसले. “एवढंच ना? कान हवाय. करून देतो.”

“काय करून देता?”

“कान. मऊ कापडाचा. आत कापूस. तुमचाच नमुना घेतो, म्हणजे फरक कळणार नाही. जरा खिडकीकडे तोंड करा.”

बाईंना हे वेडेपणाचं वाटलं आणि त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. सर पेन्सिल घेऊन कानाभोवती फिरू लागले.

“उजवाच का?” त्यांनी विचारलं. “डावा जास्त रेखीव आहे तुमचा.”

“तिला उजवा लागतो, सर.”

“हरकत नाही. गिऱ्हाईक म्हणेल तसं.”

तेवढ्यात मुख्याध्यापिका आत आल्या, दोघांकडे बघितलं, काही न विचारता खडूचा डबा उचलला आणि गेल्या. बाईंचा खराखुरा कान लालबुंद झाला. सर म्हणाले की हा रंग कापडात मिळणं कठीण आहे.

त्या दुपारी आई घरात नसतानाही आजोबांचा कान काही चालला नव्हता. बुधवारी कापडाचा कान तयार झाला. हुबेहूब. इतका, की पर्समध्ये तो बघून बाईंच्या अंगावर काटा आला. घरी आल्यावर त्यांनी शिवण ओढून पाहिली, धागा सुटतो का पाहिलं, कापूस बाहेर येतो का पाहिलं, गरम पाण्यातून काढून उन्हात वाळवला. शेवटी नवरा म्हणाला, “तिच्या जन्मानंतर डॉक्टरांनीसुद्धा तिला इतकं तपासलं नव्हतं.”

गुरुवारी दुपारी बाई शाळेत थांबल्या आणि कान कामाला लागला. टिचकीने तो घेतला. पाळी चोळली. घरात श्वास रोखले गेले, म्हणजे सासऱ्यांचा, कारण घरात तेच होते. मग तिने कान तोंडात घातला, चव आवडली नाही, आणि सरळ आजोबांच्या चहात सोडला.

“कपाला एक कान होता,” बाई घरी आल्यावर सासऱ्यांनी अहवाल दिला, “आता दोन झाले. चहा चांगला होता, वाया गेला.”

“आणि झोप?”

“ती झोपलीच नाही. मीही झोपलो नाही. दोघांनी मिळून चपला रांगेत लावल्या.”

टिचकी संध्याकाळभर किरकिर करत होती आणि दिवा लागायच्या आत आईच्या खांद्यावरच पेंगली. बाई तिला घेऊन खोलीभर फिरत राहिल्या. त्यांचं ठरून गेलं होतं.

शनिवारी रात्रीचं जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, “मी नाही जात. पुढच्या वर्षी जाईन. तोवर मोठी होईल ती.”

सासरे हात धुवायला उठले आणि बराच वेळ धूत राहिले. नवऱ्याने थट्टा केली नाही. तो ताटं गोळा करत होता, ती त्याने परत खाली ठेवली.

“तुला जायचंय की नाही, एवढंच सांग.”

“जायचंय रे. पण ती रडेल.”

“रडेल. मग?”

“मग काय? रडेल ना.”

“रडली तर मी आहे इथे. मी काय पाहुणा आहे तिचा? ती माझ्याजवळ रडली तर ते रडणं वाया जातं का?”

हे बाईंनी हिशेबात कुठल्याच बाजूला धरलं नव्हतं. आठवडाभर कान मोजले. कान धरून ज्याच्यापाशी झोपायचं तो माणूस मोजायचा राहूनच गेला होता.

“तू गाणं म्हणू नकोस फक्त,” त्या शेवटी म्हणाल्या. “घाबरते ती.”

“बघतो,” नवरा म्हणाला आणि ताटं उचलली.

रविवारी सकाळी बाई निघाल्या. टिचकी बापाच्या कडेवरून हात हलवत होती, कारण आई रोजच सकाळी जाते. ते बघून बाईंना अपराध्यासारखं वाटलं. जणू नेहमीच्या नावाखाली दुसराच माल खपवत होत्या. बसमध्ये त्यांनी फोन पर्समधून काढला, ठेवला, काढला. शेजारची बाई म्हणाली, “कुणाचा यायचाय का?” बाई म्हणाल्या, “नको यायला.”

सभागृहात शिरल्यावर पहिला काही वेळ त्या नुसत्याच हिंडल्या, लग्नात चुकीच्या मांडवात आल्यासारख्या. मग एका टेबलाशी एका आजोबांनी कागदाची पट्टी पिळून टोकाला टोक चिकटवली आणि मधोमध लांबीने कापली, तर दोन तुकडे होण्याऐवजी एकच लांब कडं हातात आलं. आजोबा कड्याकडे आणि कात्रीकडे आळीपाळीने बघू लागले, कात्रीवरच संशय असल्यासारखे. बाई हसल्या. पुढे दोन घसरगुंड्यांवरून गोट्या सोडत होते. सरळ वाटेची मागे राही आणि खोल वळणाची आधी पोचे. बाईंना हे पाठ होतं, तरी त्या प्रत्येक वेळी सरळ गोटीच्या बाजूने उभ्या राहिल्या. मग चौकोनी चाकांची सायकल आली. उंचवट्यांच्या खास रस्त्यावर ती लोण्यासारखी चालत होती. रांगेत सगळी मुलं आणि मध्ये बाई. ओढणी पोटाशी खोचून त्या सायकलवर बसल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, आणि उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की एवढ्या अंतरात टिचकी एकदाही आठवली नाही. लगेच आठवली. पण उशिरा.

दुपार झाली. साबणाच्या मोठ्या टाकीभोवती गर्दी जमली. बाई गर्दीच्या मागच्या बाजूला उभ्या राहिल्या, दार जवळ पडावं म्हणून. टाकीजवळच्या मुलीने दोरी हातात घेऊन सगळ्यांना विचारलं, पडदा कुठे दिसेल? “बाजूंवर,” गर्दी ओरडली. बाई गालातल्या गालात हसल्या. घन पाण्यात बुडाला. दोरी ओढली जाऊ लागली. वरची तार पाण्याबाहेर आली.

पर्समध्ये फोन थरथरला.

बाईंनी डोळे तारेवर ठेवले आणि हात पर्समध्ये घातला. कंगवा लागला, किल्ल्या लागल्या, पाण्याची बाटली लागली. म्हणून त्यांनी खाली बघितलं. एकच क्षण. गर्दीतून “अहा” असा मोठा श्वास उठला, आणि त्यांनी मान वर करेपर्यंत समोरच्या माणसाने आपलं पोर खांद्यावर घेतलं होतं. बाईंना दिसली ती पोराची पाठ. मग फट्, आणि टाळ्या.

त्या दाराबाहेर धावल्या. “काय झालं? पडली का?”

“झोपली,” नवरा कुजबुजत म्हणाला.

“झोपली? कधी? जेवली का?”

“जेवली. मग दाराकडे बोट दाखवून रडली. बरीच रडली, खोटं कशाला सांगू. मी घेऊन फिरलो. मग आडवे झालो. माझा कान बघितला, ठेवून दिला.”

“मग कुणाचा?”

“तिचाच.”

“म्हणजे?”

“स्वतःचा कान धरला आणि झोपली. अजून धरलाय.”

बाई भिंतीला टेकल्या. सगळ्यांचे कान झाले, कापडाचा झाला. आणि जिला झोपवायचं तिला दोन कान आहेत, हे मोजणीतच आलं नव्हतं.

“आपण मोजलेच नाहीत ते,” त्या म्हणाल्या.

“बाबा म्हणतायत, गणिताच्या बाईंच्या घरात बेरीज चुकली, हे बाहेर जाऊ देऊ नका.”

बाई हसल्या. हसता हसता आत कुठेतरी बारीक चिमटाही बसला, कारण इतके दिवस त्यांना वाटत होतं की या कानावाचून पान हलत नाही. “माझा आठवला का तिला? कान?” त्यांनी विचारलं.

“सांगितलं ना, रडली म्हणून.”

“हां. तू गाणं म्हटलंस?”

“एकच कडवं.”

“म्हणून झोपली. सुटका करून घेतली बिचारीने.”

“तसंच असेल. तुझा घन कसा होता?”

बाईंनी दारातून आत बघितलं. टाकीभोवतीची गर्दी पांगत होती.

“पाहिला नाहीस?”

“तुझा फोन आला.”

नवरा कुजबुजणं विसरून म्हणाला, “आता पुन्हा करणार नाहीत का ते? विचार ना जरा.”

बाई आत जाऊन विचारून आल्या. संध्याकाळी, बंद व्हायच्या आधी, आणखी एकदा होता. टिचकी उठायच्या वेळी घरी पोचते असं त्या सांगून आल्या होत्या. ती उठेल आणि आई नसेल. बाईंनी फोन कानाला लावला. एरवी त्यांनी विचारलं असतं, थांबू का, आणि नवऱ्याने थांब म्हटलं असतं, आणि मग त्यांनी स्वतःच नको म्हटलं असतं.

“मी थांबतेय,” त्या म्हणाल्या. “उठली की तिला केळं दे. तुकडे बारीक कर.”

“करतो.”

“अजून बारीक.”

“अगं, ठेव फोन. कुजबुजून माझा घसा बसला.”

संध्याकाळी बाई टाकीच्या अगदी पुढ्यात, जमिनीवर, मुलांच्या ओळीत मांडी घालून बसल्या. पर्स मागे ठेवली. शेजारच्या दोन वेण्यांच्या मुलीने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

“काकू, मोठ्यांची जागा मागे आहे.”

“मागून मला दिसत नाही.”

“मला पण नाही दिसत,” मुलगी म्हणाली आणि थोडी सरकली.

दोरीवालीने बाईंना ओळखलं. “तुम्ही दुपारीही होता ना?”

“होते,” बाई म्हणाल्या. “माझं लक्ष नव्हतं.” हे वाक्य त्यांनी वर्गात असंख्य वेळा ऐकलं होतं आणि एकदाही खरं मानलं नव्हतं.

घन बुडाला. दोरी ओढली गेली. वरची तार आली, मग उभ्या तारा, त्यांच्यावरून पाणी ओघळत होतं, आणि पडदे बाजूंवर क्षणभरही न थांबता आत धावले. घनाच्या मध्ये, कुठल्याही तारेला न टेकता, तळहाताएवढा एक चौकोन उभा राहिला. फळ्यावर तो नेहमी नीट सरळ असायचा. हा थरथरत होता. त्याच्या कडा जराशा फुगीर होत्या, हे त्यांनी कधी फळ्यावर काढलं नव्हतं. त्यावरून हिरवा आणि जांभळा रंग सावकाश खाली उतरत होता. शेजारच्या मुलीने हळूच फुंकर घातली, तसा तो झुकला, लांबट झाला, आणि पुन्हा आपल्या जागी येऊन थांबला.

मग फुटला. काहीच उरलं नाही, नुसत्या ओल्या तारा.

“परत,” कुणीतरी मोठ्याने म्हणालं.

मागच्या ओळींतली मोठी माणसं हसली, तेव्हा बाईंना कळलं की ते आपणच म्हणालो.